जुन्या गाडीत करंट अडतो कुठे? वायरिंगचा फॉल्ट स्वतः शोधताना

क्लच केबलचा चटका बसला, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं.

गाडी २००३ ची मारुती ८००, एमएच-०४ पासिंगची. ठाण्यात कोलशेत रोडला आमच्या सोसायटीत स्टिल्टखाली उभी असते. त्या पावसाळ्यात सकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. कधी तिसऱ्या-चौथ्या झटक्याला उचलायची, कधी वॉचमनला हाक मारून धक्का. आधी बॅटरी बदलली, महिनाभर बरं चाललं. मग एका कारागिराने सेल्फ खोलून आतले कार्बन ब्रश बदलले. तरी रडगाणं तेच, आणि आता डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) उतरवायच्या गोष्टी सुरू झाल्या. एका रविवारी बोनेट उघडं ठेवून बायकोला सेल्फ मारायला सांगितला, चार-पाच वेळा, आणि वाकून बघताना माझा हात क्लच केबलवर पडला. चांगलीच तापली होती. क्लच केबलचा करंटशी काय संबंध? संबंध असा, की इंजिनाची अर्थिंगची पट्टी गिअरबॉक्सच्या बोल्टजवळ सडून तुटली होती आणि सेल्फचा करंट परतीची वाट शोधत केबलमधून बॉडीत येत होता. नवी पट्टी टाकली, दोन बोल्टच्या जागा घासल्या, अर्ध्या तासात काम संपलं. बॅटरीचे आणि कार्बनचे पैसे गेले ते गेलेच.

तेव्हापासून एक नियम पाळतो: मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. जुन्या गाडीच्या इलेक्ट्रिकमध्ये पार्ट जळण्यापेक्षा जोड खराब होणं कितीतरी जास्त, आणि जोड डोळ्यांना दिसत नाही, मीटरला दिसतो. खाली लिहितोय ती पद्धत १९९० ते २००८-१० च्या सुमाराच्या, कॉम्प्युटर कमी आणि तारा जास्त असलेल्या गाड्यांसाठी आहे.

काय जवळ ठेवायचं

एक साधा डिजिटल मल्टिमीटर. स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो चालेल, फक्त त्याला १० अँपिअरचं वेगळं भोक हवं. दुसरं हत्यार घरी बनवा: इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकाला चिमटे. हा तुमचा टेस्ट लॅम्प. बाजारात एलईडीवाले पेनासारखे टेस्टर मिळतात, ते मला आवडत नाहीत. कुजलेल्या वायरीच्या एका केसाएवढ्या तारेतून आलेल्या करंटवरही एलईडी छान पेटतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. वायरीत दम नसेल तर तो मलूल पेटतो.

याशिवाय १० नंबरचा पाना, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर, फ्यूजचा एक संच, पाच मीटर मोकळी वायर आणि एक वही. प्रत्येक कपलर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. ‘लक्षात राहील’ म्हणून काढलेल्या चार वायरींनी माझी एक अख्खी दुपार खाल्ली आहे.

हात घालण्याआधी

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. सोन्याची अंगठी बॅटरीच्या प्लस आणि बॉडीच्या मध्ये आली तर क्षणात लाल होते आणि बोट सोडत नाही. टर्मिनल सोडवताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. कारण साधं आहे: मायनस सुटलेला असेल तर प्लसचा नट खोलताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्यावर वाकून सिगारेट-लायटर नको.

आणखी एक. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल उचलून ‘डायनॅमो चालतो का बघू’ अशी एक जुनी परीक्षा अजून गॅरेजात चालते. ती करू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं, त्यात डायनॅमोचे डायोड जातात आणि इंजेक्शनवाल्या गाडीचा ईसीएमही (इंजिनाचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कपलरला आणि पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरींना मीटरही लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर नाहीच.

पहिलं काम: तक्रार नीट लिहा

‘लाइटचा प्रॉब्लेम आहे’ याला काही अर्थ नाही. काय बंद आहे, काय चालू आहे, कधी होतं: पावसात, गाडी तापल्यावर, खड्ड्यात आपटल्यावर, की डिकी उघडी असताना? वहीत लिहा आणि त्यात समान धागा शोधा. एकच दिवा बंद असेल तर बल्ब किंवा होल्डर. एकाच कोपऱ्यातले दोन-तीन दिवे वेडेवाकडे वागत असतील तर त्या कोपऱ्याची अर्थ, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारा जोड. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचं एकदम गेलं तर फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) किंवा स्विच. सगळी गाडीच मलूल असेल तर बॅटरी, तिची टर्मिनलं किंवा मुख्य अर्थ.

सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटणं, किंवा इंडिकेटर दिला की टेललाइट त्याच तालावर लुकलुकणं. करंटला घरी जायचा रस्ता मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा जातो. असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका, सरळ त्या होल्डरची अर्थ गाठा.

दुसरं: बॅटरी आणि चार्जिंग, पाच मिनिटांत

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरी मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. नुकतीच गाडी चालवून आला असाल तर आकडा फुगलेला येतो. हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली पडायला नको. पडला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा. तरीही पडला तर बॅटरी थकली. उलट सेल्फ फिरत नाही आणि बॅटरी मात्र १२ च्या वर ठाम आहे, तर बॅटरीचा दोष नाही, करंट पुढे जातच नाहीये. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं आणि हा एक आकडा बघितला असता तर नवी बॅटरी घेतलीच नसती.

इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवं. मग हेडलाइट, पंखा, वायपर सगळं लावून रेस थोडी वाढवा. १३ च्या बऱ्यापैकी वर राहिलं तर डायनॅमो ठीक. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, आणि अशा गाडीत बल्ब वरचेवर उडतात, बॅटरीचं पाणी आटतं.

टर्मिनलवर पांढरा-हिरवट भुगा असेल तर मायनस सोडवून खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने धुवा. पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. टर्मिनलची पट्टी आतून आणि ती ज्यावर बसते तो बॅटरीचा खांब बाहेरून पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा आणि मग वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन आणि मग आवळणं, हा क्रम चुकीचा.

तिसरं, आणि खरं काम: व्होल्टेज ड्रॉप

इथे सावकाश वाचा. बाकीचा लेख विसरलात तरी चालेल.

बहुतेक जण मीटर ‘बीप’वर ठेवतात, वायरीच्या दोन टोकांना लावतात, बीप वाजला की वायर चांगली म्हणतात. वीस तारांच्या वायरीतली एकोणीस कुजली आणि एक उरली, तरी बीप वाजतोच. ओहम मोजूनही भागत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो, आणि सेल्फच्या रस्त्यात ०.०५ ओहमसुद्धा घात करतो. गणित करून बघा. छोट्या गाडीचा सेल्फ फिरताना ढोबळ १०० अँपिअर धरा. १०० गुणिले ०.०५ म्हणजे ५ व्होल्ट वाटेतच गेले. बॅटरीतून निघालेल्या बारातले सात सेल्फला मिळाले तर तो ‘टक्’ करणार नाही तर काय करणार?

म्हणून वायर तपासायची ती तिच्यातून करंट वाहत असताना, आणि मोजायचे वाटेत पडलेले व्होल्ट. मीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा. रस्त्याच्या एका टोकाला मीटरचा एक प्रोब (टोकदार सुई), दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि जे बिघडलंय ते चालू करा. जोड चांगला असेल तर आकडा शून्याच्या जवळ राहतो. आकडा दिसला, म्हणजे तेवढे व्होल्ट त्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी अडलेत.

सेल्फसाठी असं करा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, एक माणूस किल्लीवर. इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावर (पट्टीवर नाही, शिशाच्या खांबावरच), लाल प्रोब इंजिनाच्या एखाद्या स्वच्छ, बिनरंगाच्या बोल्टवर. सेल्फ मारा. ०.२ च्या आत आलं पाहिजे. माझ्या गाडीत आकडा मीटरच्या २ व्होल्टच्या रेंजबाहेर गेला. २० वर घेतल्यावर २.८ दिसले. मग प्लसची बाजू: लाल प्रोब प्लस खांबावर, काळा सेल्फच्या जाड बोल्टवर. इथे ०.५ च्या आत. हे लावताना जपून, तो बोल्ट कायम जिवंत असतो.

मायनसचा आकडा मोठा आला तर खात्री करायला मीटरचीही गरज नाही. जंप स्टार्टची जाड केबल घ्या, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनाच्या बोल्टला, आणि सेल्फ मारा. गरगर फिरला? मग अर्थ केबल बदला, सेल्फला हात लावू नका.

आता रस्त्याचे तुकडे पाडा. खांब ते पट्टी, पट्टी ते केबलचा लग (टोकाची बोल्टखाली बसणारी चकती), लग ते बॉडी, बॉडी ते इंजिन. प्रत्येक जोडावर ०.१ च्या वर काही दिसलं तर तो जोड गुन्हेगार. आश्चर्य म्हणजे खांब आणि त्यावर घट्ट बसलेली पट्टी, एवढ्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत एखादा व्होल्ट बसलेला मी बघितलाय.

हेच तंत्र दिव्यांना. नेरूळच्या माझ्या मेहुण्याच्या जुन्या सेडानचे हेडलाइट पाम बीच रोडवर असून नसल्यासारखे होते. त्याला १०० वॉटचे बल्ब टाकायचे होते. म्हटलं थांब. इंजिन बंद, हेडलाइट चालू: बॅटरीवर १२.५, बल्बच्या दोन पिनांवर १०.३. मधले २.२ गेले कुठे? बल्बची अर्थ ते बॅटरीचा मायनस: ०.१, म्हणजे अर्थ उत्तम. बॅटरीचा प्लस ते बल्बचा प्लस: २.१. मग एकेक टप्पा. फ्यूजच्या दोन पायांत नगण्य, स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये आत आणि बाहेर मिळून १.६. स्विचचा कपलर खोलला तर प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, एक पिन काळी. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कोसळतो. साडेबाराच्या जागी सव्वादहा मिळाले की उजेड जवळपास निम्मा. त्यात १०० वॉटचे टाकले असते तर तोच स्विच आणखी तापून वितळला असता. आम्ही बॅटरीवरून फ्यूजसकट सरळ जाड वायर आणि दोन रिले टाकले. आता स्विचला फक्त रिलेचा चिमूटभर करंट सोसावा लागतो. बल्ब तेच, ६०/५५ चे, आणि भाऊसाहेब खूश.

अर्थचा जोड कसा करायचा

ठाणे असो की ऐरोली-वाशी, खाडीची हवा आपल्याला सुटलेली नाही, आणि तिला सगळ्यात आधी सापडतात ते हे बॉडीवरचे अर्थचे बोल्ट. बोल्ट खोला. लगखालचा रंग आणि गंज पार चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, लग दोन्ही बाजूंनी घासा. दातेरी वॉशर टाकून आवळा, मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन. वायर लगजवळ सोलून बघा: तांबं लालसर असेल तर ठीक, काळं किंवा हिरवं असेल तर चांगलं तांबं लागेपर्यंत कापत मागे जा. हिरवं पडलेल्या तांब्यावर सोल्डर बसत नाही, वरून बसल्यासारखा दिसतो फक्त.

चौथं: एकच गोष्ट बंद आहे

उदाहरणादाखल हॉर्न घेऊ, कारण पासिंगला तो आधी वाजवून बघतात. प्रत्येक सर्किट म्हणजे एक रांग: बॅटरी, फ्यूज, रिले, स्विच, ती वस्तू आणि अर्थ. रांगेच्या एका टोकापासून सुरू करू नका, मधोमध घुसा. हॉर्नचा कपलर काढा, टेस्ट लॅम्प त्याच्या दोन पिनांना लावा आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगा. बल्ब झक्क पेटला तर करंट आणि अर्थ दोन्ही येतात, हॉर्नच मेला. एका फटक्यात अर्धी गाडी बाद झाली. नाही पेटला, तर लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या मायनसला नेऊन पुन्हा बघा. आता पेटला तर अर्थ तुटली. एकाच वायरीच्या, बॉडीतून अर्थ घेणाऱ्या हॉर्नमध्ये अर्थ म्हणजे त्याची पट्टी आणि बोल्ट.

तरीही नाही, तर रिलेकडे चला. चार पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५-८६ मध्ये कॉइल, ३० वर कायम करंट, आणि कॉइलने ओढलं की तो ८७ ला जातो. रिले काढून सॉकेटच्या ३० वर लॅम्प लावा: पेटला पाहिजे. मग वायरीच्या तुकड्याने सॉकेटमध्ये ३० आणि ८७ क्षणभर जोडा. हॉर्न वाजला तर पुढचा सगळा रस्ता साफ, दोष रिलेत किंवा बटणाच्या बाजूला. कॉइल ओहमवर साधारण ७० ते १०० दाखवते. रिले ‘टिक’ करतो म्हणजे चांगला, असं मात्र समजू नका, आतले पॉइंट जळलेले असले तरी तो टिकटिकतोच.

आणि एक गोष्ट नवख्यांना नेहमी चकवते. स्विच प्लसच्या बाजूलाच असतो असं नाही. हॉर्नचं बटण बहुतेक गाड्यांत रिलेला अर्थ देतं. दारावरचा आतल्या दिव्याचा स्विचही अर्थच देतो. जपानी धाटणीच्या अनेक गाड्यांत हेडलाइटसुद्धा अर्थच्या बाजूने बंद-चालू होतात. तिथे स्विचवर ‘करंट नाही’ म्हणून तासभर डोकं खाजवू नका, आधी वायरिंगचा नकाशा मिळवा.

फ्यूज उडतोच आहे

पहिलं: मोठा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी लावायची नाही. फ्यूज वायरीला वाचवतो. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. दहाच्या जागी तीस टाकला की फ्यूज उरतो आणि डॅशबोर्डमागची वायर पेटते.

फ्यूजवर फ्यूज जाळण्यापेक्षा उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन पायांच्या जागी २१ वॉटचा टेस्ट लॅम्प लावा. शॉर्ट असेल तर लॅम्प पूर्ण तेजात पेटतो, पण पावणेदोन अँपिअरच्या पुढे करंट जाऊ देत नाही, म्हणजे तासभर शोधलं तरी काही जळत नाही. आता त्या सर्किटवरचे सगळे बल्ब काढा, कपलर एकेक सोडवा, वायरिंग हलवा, आणि नजर लॅम्पवर ठेवा. जे सोडवल्यावर लॅम्प विझतो, शॉर्ट त्याच्या पुढे. सगळे बल्ब काढूनही लॅम्प झगझगतोय, तर वायरच कुठेतरी पत्र्याला लागली.

कुठे बघायचं? हॅचबॅकमध्ये मागच्या दाराच्या बिजागरीजवळची काळी रबरी नळी आधी उलगडा. दार रोज उघड-मीट होतं, आत वायरी वाकून वाकून कापल्या जातात. एखादी तुटते, एखादी सोलून पत्र्याला चिकटते. नंबरप्लेटचा दिवा, डिकीचा दिवा, मागचा वायपर यांचं गूढ नव्वद टक्के वेळा मला तिथे मिळालंय. दुसरी जागा म्हणजे बोनेटखाली इंजिनाच्या गरम भागाजवळून जाणारं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा. तिसरी उंदीर. स्टिल्टखाली उभ्या गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्यामागे त्यांचा संसार असतो, आणि कुरतडलेली वायर वरून दिसत नाही, खालच्या बाजूने बोट फिरवा.

उभ्या उभ्या बॅटरी उतरते

तीन दिवस गाडी काढली नाही आणि चौथ्या दिवशी मेली. अशा वेळी झोपलेल्या गाडीतला करंट मोजायचा. किल्ली काढा, बोनेटखालचा दिवा असेल तर काढा, ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याचा स्विच टेपने दाबून ठेवा. मीटर १० अँपिअरवर, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात. मायनसची पट्टी काढा आणि मीटर पट्टी आणि खांब यांच्या मध्ये लावा. या अवस्थेत किल्ली फिरवायची नाही आणि सेल्फ तर मुळीच नाही, मीटर किंवा त्याचा फ्यूज तिथेच उडेल. पाच-दहा मिनिटं थांबा. जुन्या साध्या गाडीत २० ते ५० मिलिअँपिअर चालतात: घड्याळ, म्युझिक सिस्टिमची मेमरी वगैरे.

समजा ३०० आले. चोवीस तासांत ७.२ अँपिअर-आवर. छोट्या गाडीची ३५ ची बॅटरी तीन दिवसांत अर्ध्याहून जास्त रिकामी, चौथ्या दिवशी सेल्फ कसला फिरतो! आता एकेक फ्यूज काढा आणि आकडा कधी कोसळतो ते बघा. नंतर बसवलेल्या गोष्टींवर माझा आधी संशय असतो: म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉक, अलार्म, मोबाईल चार्जर. स्टिरिओच्या मागे पिवळी वायर कायमच्या करंटला आणि लाल किल्लीला जोडायची असते. दोन्ही पिवळ्याला गुंडाळलेल्या मी बघितल्यात, म्हणजे डबा रात्रभर जागा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा खाली येत नाही? मग डायनॅमो. त्याच्या मागची जाड वायर बॅटरीशी कायम जोडलेली असते. आतला डायोड गळका झाला की करंट उलटा जातो, आणि असा डायनॅमो दिवसा चार्जिंगही थोडंफार करत असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. बॅटरी सोडवा, ती जाड वायर काढून टोकाला टेप गुंडाळा, पुन्हा मोजा. आकडा पडला तर चोर सापडला.

कधी होतं, कधी नाही

हा सगळ्यात छळवादी प्रकार. गॅरेजात नेली की गाडी शहाण्यासारखी वागते. फॉल्ट घरीच घडवून आणा. टेस्ट लॅम्प जोडून ठेवा आणि वायरिंग हाताने हलवत जा. पावसात होणारा असेल तर झाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने एकेक कपलर भिजवा. तापल्यावर होणारा असेल तर रिलेला हेअर ड्रायरने गरम करा. ज्या क्षणी लॅम्प फडफडतो ती जागा खडूने नोंदवा.

वंदना डेपोजवळ तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढून आणलीत आणि आत कार्पेटपर्यंत पाणी आलं असेल, तर किल्ली फिरवून ‘चालतंय का’ बघू नका. आधी मायनस काढा. सीटखालचे आणि पायाखालचे कपलर उघडून दोन दिवस वाळू द्या. ओल्या कपलरमधून करंट वाहत राहिला की पिना काही दिवसांत हिरव्या होतात, आणि तो फॉल्ट तुम्हाला दिवाळीत भेटतो.

जोड आणि वायरमन

दोन वायरी पिळून वर टेप, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. बोनेटखालच्या उष्णतेत टेपचा गोंद वितळतो आणि पावसाळ्यात पाणी आत जातं. नीट दाबलेला क्रिम्प किंवा सोल्डर, वर हीट श्रिंक स्लीव्ह, आणि शेजारच्या वायरींचे जोड मागेपुढे. वायर जुन्याहून बारीक वापरायची नाही.

ईसीएम, एबीएस, एअरबॅगचा दिवा लागलाय, किंवा हार्नेस जळून एकमेकांत वितळलंय, तर वायरमनकडे जा. पण ‘बघा जरा’ म्हणून किल्ली देऊ नका. ‘सेल्फ मारताना इंजिन आणि मायनस यांच्यात २.८ व्होल्ट दिसतात’ असं सांगितलंत की बोलणं तिथून सुरू होतं, नव्या बॅटरीपासून नाही.

माझ्या गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी रिन्यू झालं, ते दर पाच वर्षांनी पुन्हा करावं लागतं. तपासणीच्या आदल्या रात्री मी तिला सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभी करतो. लो बीम, हाय बीम, डावा-उजवा इंडिकेटर, चारही एकदम. मग उलटी वळवून ब्रेक, टेल, रिव्हर्स. भिंतीवर पडलेला उजेड बघत एकट्याला सगळं तपासता येतं. ब्रेक आणि इंडिकेटर एकदम देऊन बघायला विसरायचं नाही. गेल्या वेळी डाव्या बाजूला ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद झाला. रात्री साडेदहाला टॉर्च तोंडात धरून होल्डरचा अर्थ बोल्ट घासला, आणि सकाळी सात वाजता गाडी घेऊन निघालो.